पिवळ्या कड्यातले तांबडे पट्टे

चीनमधील लुओछुआनच्या कड्याची छायाचित्रे मी पुनःपुन्हा पाहतो. शंभराहून अधिक मीटर जाडीचा तो पिवळा थर वाऱ्याने आणलेल्या धुळीचा; मधूनमधून तांबूस पट्टे. हे पट्टे म्हणजे एकेकाळी गवताखाली असलेल्या आणि पुढे गाडल्या गेलेल्या जमिनी.

हिमयुगात कोरडे हिवाळी वारे वाळवंटातून धूळ आणीत आणि पिवळा थर चढे. दोन हिमयुगांमधील उबदार काळात मान्सून बळावे, धूळ मंदावे, गवत माजे. पाऊस मातीतला चुना खाली झिरपवी. (तळाशी साचलेले त्याचे खडे पाहून आपल्याकडच्या शेतकऱ्याला चुनखड आठवेल.) लोहाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कणही तेव्हाच तयार होत, म्हणून पट्ट्यांची चुंबकग्राहिता अधिक भरते. जुन्या पावसाचा अंदाज चुंबकत्वावरून बांधता यावा, याचे मला अजूनही नवल वाटते. १९८२ साली हेलर आणि लिउ तुंगशेंग यांनी या थरांचे चुंबकीय कालमापन प्रसिद्ध केले. आज ही नोंद सुमारे २६ लाख वर्षे मागे नेली जाते.

सर्वांत वरचा पट्टा आपल्याच उबदार काळातला. तो अद्याप गाडला गेलेला नाही. त्यावर नांगर चालतो, आणि उतारांवरून तो पीत नदीत वाहून जातो.