चॉकलेट लहान का झालं?



पावसाळा सरताना कपिलधारला गेलात, तर मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन होतं, धबधबा दिसतो आणि वाटेवर बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं टोपल्यांत मांडलेली असतात. तिथेच नातीने चॉकलेट काढलं. मी सवयीने हिरवा ठिपका पाहिला, तिने वजन. "आजी, पैसे तेवढेच, चॉकलेट मात्र लहान!"

बी.कॉम. झालेल्या आजीला हे उत्तर देता यायलाच हवं.

सीताफळ दोन दिवसांत मऊ पडतं, त्याचा भाव टोपलीपाशीच ठरतो. कोकोचं बी वाळवून पोत्यात महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून त्याचा लंडन-न्यूयॉर्कला वायदा चालतो. २०२३ च्या सुरुवातीला टनाला साधारण २,५०० डॉलर असलेला भाव एप्रिल २०२४ मध्ये ११,००० वर गेला, डिसेंबरात १२,००० च्याही पुढे. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांत पिकतो. तिथे आधी अतिपाऊस झाला, फळं काळी पडून कुजली, मग कोरडं पडलं. शिवाय पिठ्या ढेकणामुळे पसरणारा एक विषाणू आहे. तो लागला की झाड उपटावंच लागतं, आणि नवं झाड फळायला तीन-चार वर्षं जातात. सट्टेवाल्यांनी आगीत तेल ओतलं असेल, पण मूळ दुखणं जुनं. वर्षानुवर्षं भाव इतका कमी मिळाला की म्हाताऱ्या बागा बदलायला शेतकऱ्याकडे पैसाच नव्हता.

मग तेजीत तो श्रीमंत झाला असेल? नाही! तिथे सरकार हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याचा भाव जाहीर करतं आणि बराच माल आधीच पुढच्या तारखेने विकलेला असतो. बाजार चढला तेव्हा त्याच्या हाती जुनाच भाव. आपल्या बीडकडच्या कापूस-सोयाबीनवाल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. माल घरात असतो तेव्हा मंदी, विकून झाला की तेजी.

कारखान्यांनी वड्या लहान केल्या, काहींनी कोको बटरऐवजी पामतेल घातलं. (घटकांची यादी वाचत जा. कोको बटरच्या जागी वनस्पती तेल दिसलं, तर ते चॉकलेट नव्हे, चॉकलेटसारखं काहीतरी.) मागणी घटली, पाऊस बरा झाला आणि २०२५ अखेर भाव ६,००० डॉलरच्या आसपास उतरला. वडी मात्र लहानच राहिली.

मला जास्त बोचलं ते वेगळंच. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार त्या दोन देशांत सुमारे १५ लाख मुलं कोकोच्या कामात होती. ऊसतोडीला आईबापांबरोबर निघालेली मुलं आपण दर दिवाळीनंतर बघतो, त्यामुळे हा आकडा नुसता आकडा वाटेना. हिरवा ठिपका अंड्याचं सांगतो, याचं नाही.

पाठशाळेत प्रभावनेला आपण सर्रास चॉकलेटं वाटतो. माझी पाळी आली तेव्हा मी राजगिऱ्याची चिक्की नेली. दोघांनी तोंडं वाकडी केली, बाकीच्यांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला.