कळफलकावरची पाखाडी

रत्नागिरीत रस्ता विचारणाऱ्याला नेहमी दोन उत्तरं मिळतात. एक गाडीसाठी, एक पायांसाठी. गाडीचं उत्तर कुणीही देतं. "ह्याच रस्त्यानं जा, वळण घ्या, परत वळण घ्या आणि पुढे गेल्यावर कुणालातरी विचारा." पायांचं उत्तर देताना मात्र माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं. तो आधी तुमच्या चपला बघतो, मग आवाज जरा खाली आणून म्हणतो, "नाहीतर असं करा, त्या माडाच्या बाजूनं पाखाडी आहे, तिनं सरळ खाली उतरा. आपले म्हणून सांगतो हो!"

पाखाडी म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, दोन्ही अंगांना गडगे असलेली, वरच्या वाडीतून खालच्या आळीत उतरणारी अरुंद वाट. डांबरी रस्ता ज्या उताराला तीन वळणं घेतो, तो उतार पाखाडी एका दमात संपवते. तिच्यावर पाटी नसते. ती कुणीतरी सांगावी लागते आणि पायांना तिची सवय असावी लागते. पावसाळ्यात शेवाळ धरलं की नवखा माणूस तिच्यावरून उतरत नाही, पोचतो!

कॉम्प्युटरमध्येही अशा पाखाड्या आहेत. त्यांना शॉर्टकट म्हणतात. समजा, एक वाक्य इथून उचलून तिथे ठेवायचंय. माउसवाला माणूस काय करतो पाहा. तो कळफलकावरचा हात उचलतो. मग माउस शोधतो. माउस फायलीखाली असतो. मग पडद्यावरचा बाण शोधतो. तो कुठल्याशा कोपऱ्यात दडून बसलेला असतो. तो सापडला की वाक्य रंगवायचं, वर जायचं, यादी उघडायची, 'कॉपी' निवडायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं. एवढी प्रदक्षिणा होईपर्यंत नेमकं कशासाठी निघालो होतो तेच आठवत नाही. पाखाडीवाला माणूस कंट्रोल आणि सी दाबतो, मग कंट्रोल आणि व्ही दाबतो, आणि चहा पितो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यानं असे किती सेकंद वाचणार? हिशेब करू. एका खेपेला दोन सेकंद वाचले आणि दिवसात तीनशे खेपा झाल्या असं धरलं, तर सहाशे सेकंद. म्हणजे दहा मिनिटं. दहा मिनिटांत काय होतं, असं मुंबईच्या माणसानं विचारावं. त्याची पुढची लोकल पाच मिनिटांत येते. आमच्याकडे पावसची एस.टी. चुकली म्हणजे काय, हे आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना विचारा.

बाई १९८८ साली नोकरीला लागल्या त्या टंकयंत्रावर. क्लार्क-टायपिस्टला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांचा वेग पुरतो. बाईंनी दोन्ही आकडे लग्नाआधीच मागे टाकले होते. डोळे मसुद्यावर, बोटं यंत्रावर आणि तोंडानं बांगड्याचा भाव, अशी तिन्ही कामं त्या एकाच वेळी करीत. ओळ संपत आल्याची घंटा वाजली की दांडी ओढायची, पण बांगड्याचं वाक्य तुटायचं नाही. खाली दोन कार्बन असल्यामुळे चूक करण्याची चैन परवडत नसे. मूळ प्रतीवर एक चूक म्हणजे तीन कागदांवर खाडाखोड. त्यामुळे बाईंची बोटं संस्कारी झाली होती.

मग कॉम्प्युटर आले. कॉम्प्युटरची परीक्षा पास झाला नाहीत तर वेतनवाढ थांबेल, असा कागदही आला. बाई परीक्षा पास झाल्या. पण परीक्षेत पास होणं वेगळं आणि माउसशी जमणं वेगळं. कळफलकावर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, कधी चाचपून पाहा. न बघता टंकणाऱ्याची पहिली बोटं तिथे टेकतात आणि बाकीची आपापल्या जागी बसतात. हे बोटांचं घर. बाई म्हणायच्या, "अहो, माझा हात घर सोडायलाच तयार नाही. माउसकडे गेला की परत येताना वाट चुकतो." हात एक घर चुकून बसला की 'महोदय'च्या जागी भलतंच काहीतरी उमटायचं.

त्यातच कंत्राटावर एक तरुण ऑपरेटर आला. त्याचा माउस असा पळायचा की साहेब कौतुकानं बघत उभे राहायचे. टंकायचा तो दोन बोटांनी, पण ते कुणी बघत नव्हतं. महिन्याभरात बाईंची बदली आवक-जावकच्या टेबलावर झाली. ज्या दहा बोटांनी जिल्हाभर पत्रं धाडली, त्यांनी आता टपालावर शिक्का मारून नोंदवहीत नंबर घालायचे. बाई काही बोलल्या नाहीत. बांगड्याचा भावही सांगेनाशा झाल्या, तेव्हा आम्हांला काळजी वाटली.

पण कोकणातली बाई गप्प बसली म्हणजे स्वस्थ बसली असं नाही. बाईंनी कुठल्याशा बँकेची फुकट मिळालेली डायरी काढली. तिच्या पुढच्या निम्म्या पानांवर सांदणं, फणसाची भाजी आणि कैरीचं लोणचं होतं. मागून उलटी उघडून त्यांनी तिच्यात शॉर्टकट लिहायला घेतले. गुरू म्हणून नेमला त्याच ऑपरेटरला. पोरगा खोलीवर एकटा राहायचा. ओल्या काजूच्या उसळीच्या एका डब्याला दोन शॉर्टकट, असा दर ठरला. काजूचा मोसम संपेपर्यंत डायरीची चार पानं भरली होती.

बाईंना सगळ्यांत आनंद झाला तो या नव्या मंडळींत जुनी नाती सापडल्याचा. शिफ्ट ही कळ टंकयंत्रातलीच. ती दाबली की यंत्राचा एक भाग खरोखरीच सरकायचा, म्हणून ती शिफ्ट. टॅबही तिथलाच. बॅकस्पेस तर सख्खा, फरक एवढाच की पूर्वी तो नुसता मागे जायचा, आता जाताना पुसतही जातो. "म्हणजे सगळं माहेरचंच की!" बाई म्हणाल्या. "कंट्रोल तेवढी नवी सून."

या सुनेला चार शेजारणी मिळवून देणाऱ्यांत लॅरी टेस्लर या अमेरिकन माणसाचं नाव घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात १९७०च्या दशकात त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कट, कॉपी, पेस्ट ही त्रयी बसवली. पुढे तो अॅपलमध्ये गेला आणि १९८३ साली आलेल्या त्यांच्या लिसा या कॉम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही या चार कळांना ही कामं मिळाली. चौघी खालच्या ओळीत, डाव्या हाताला, एकमेकींना चिकटून. एक्सचं बाईंना नवल वाटलं नाही. चुकलेल्या शब्दावर एक्स-एक्स-एक्स ठोकून तो मारून टाकायचा, हे टायपिस्टला कुणी शिकवायला नको. टेस्लर २०२० साली वारला. आज जगातले निम्मेअधिक अहवाल ज्याच्या पुण्याईवर लिहिले जातात, त्याच्या नावाची एक सुट्टी तरी सरकारनं द्यायला हरकत नव्हती.

मी स्वतः मराठी टंकतो ते इनस्क्रिप्टवर, म्हणजे १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवलेल्या कळफलकावर. त्यात एक गंमत आहे. सीच्या कळेवर 'म' येतो आणि व्हीच्या कळेवर 'न'. म्हणजे जी दोन बोटं कंट्रोलसकट दाबली की दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उतरतो, तीच कंट्रोल सोडून दाबली की 'मन' असं उमटतं! बाईंना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते कंट्रोल सोडल्याशिवाय कुठे येतं?" आणि टपालावर शिक्के मारायला निघून गेल्या.

सगळ्याच पाखाड्या आपल्या गावाला उतरत नाहीत म्हणा. वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-तीन दाबलं की इंग्रजी अक्षरं लहानाची मोठी होतात. देवनागरीवर त्याचा काही उपयोग नाही. आपल्या लिपीत अक्षरांना लहानमोठेपण नाही, ते आपण ऑफिसात भागवून घेतो. याउलट कंट्रोल एस, म्हणजे मजकूर जतन करण्याची कळ, ती खास कोकणासाठीच केली असावी. जून ते सप्टेंबर आमच्याकडे ढग गडगडला की आधी लाइट जातात आणि मग पाऊस येतो. यूपीएस दोनदा केविलवाणा ओरडतो आणि मान टाकतो. म्हणून बाईंच्या डायरीत पहिल्या पानावर, जिथे लोक 'श्री' लिहितात तिथे, 'दर दोन ओळींनी कंट्रोल एस' असं लिहिलेलं होतं.

बाईंचे दिवस पालटले ते एका करामुळे. एका लांबलचक परिपत्रकात आणि सोबतच्या यादीत 'कर' या शब्दाऐवजी 'शुल्क' असं करायचं होतं. ऑपरेटरनं कंट्रोल एच दाबलं, वरच्या चौकटीत 'कर' लिहिलं, खालच्या चौकटीत 'शुल्क' लिहिलं आणि 'सगळे बदला' म्हणून मोकळा झाला. पाच मिनिटांचं काम एका सेकंदात. साहेब सहीला बसले आणि वाचू लागले. 'सदर प्रशुल्कण लवशुल्क निकाली काढून अहवाल सादर शुल्कावा.' आणि यादी तर कोकणातली! आमच्याकडे निम्मी आडनावं गावाला 'कर' लावून झालेली. पावसशुल्क, मालगुंडशुल्क, नेवरेशुल्क, अशी सव्वादोनशे शुल्कं ओळीनं उभी. साहेबांचा चेहरा प्रेक्षणीय झाला. पोरगा रडायच्या बेताला आला. माउस घेऊन तो एकेका पावसशुल्काला पुन्हा माणसात आणू लागला.

आवक-जावकच्या टेबलावरून बाई उठल्या. उभ्याउभ्याच त्यांनी डावा हात कळफलकावर टेकला आणि कंट्रोल झेड दाबलं. एकदाच. सव्वादोनशे कुटुंबं मूळ आडनावाला लागली. मग बाई बसल्या, पुन्हा कंट्रोल एच दाबलं, आणि 'फक्त पूर्ण शब्द' या चौकटीत खूण करून त्यांनी एकेक 'कर' तपासून बदलला. "शेवाळावरून पळत उतरू नये रे," एवढंच त्या पोराला म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून पत्रं बाईंकडे जाऊ लागली. बांगड्याचा भाव पुन्हा ऐकू येऊ लागला.

कंट्रोल झेडसारखी कळ आयुष्यात हवी होती, असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. रत्नागिरीत ते जरा जास्तच वाटतं, कारण इंग्रजांनी आमच्या गावात एक मोठंच कट-पेस्ट करून ठेवलंय. १८८५ साली त्यांनी मंडालेहून ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला कट केलं आणि १८८६ साली रत्नागिरीत पेस्ट केलं. पुढे १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना शिक्षा ठोठावून १९०८ साली पेस्ट केलं, ते कुठे? तर मंडालेला! टिळक १९१४ साली परतले. थिबाला मात्र झेडची कळ मिळाली नाही. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. राजवाडा आजही आहे. पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. तीसुद्धा एक कॉपीच.

असो. बाईंची दहा मिनिटं वाचू लागली, ही गोष्ट साहेबांच्या ध्यानात यायला दोन आठवडे पुरले. ऑफिसात वाचलेला वेळ हा वाचवणाऱ्याच्या मालकीचा नसतो. पूर्वी दिवसाला बारा पत्रं व्हायची, ती अठरा झाली. अठरा वेळेत होतात म्हटल्यावर बावीस झाली. जो हळू करतो त्याच्या टेबलावरचे कागद हळूहळू जो भराभर करतो त्याच्या टेबलावर येतात. पाणी जसं उताराकडे, तसं काम शॉर्टकटकडे. शॉर्टकट न येणारे आम्ही बाकीचे सव्वासहाला चपला घालून उभे, आणि शॉर्टकट येणाऱ्या बाई साडेसहापर्यंत खुर्चीत! पावसची गाडी निघून गेलेली. घरी बाईंच्या सासूबाई, वय नव्वदीच्या पुढे. दिवेलागणीला सून दारात दिसली नाही की काठी टेकत अंगणात येऊन उभ्या राहायच्या. डास चावोत की पाऊस लागो, आत यायच्या नाहीत.

एका संध्याकाळी बाईंनी ऑपरेटरला सुरमईच्या तुकड्यांचा डबा दिला. काजूपेक्षा दर वाढलेला पाहून पोरानं ओळखलं की मागणी मोठी आहे. दोघं बराच वेळ कुजबुजत होते. डायरीत एकच ओळ वाढली.

दुसऱ्या दिवशी घड्याळात सव्वासहा झाले. साहेब केबिनमधून बाहेर आले, हातात कागद. "बाई, तेवढं एक पत्र..."

"सकाळी, साहेब. पहिलं तेच घेते," बाई म्हणाल्या. आवाज मऊ, शिष्टाचाराला धरून. एका हातानं त्यांनी पर्स उचलली आणि दुसऱ्या हातानं विंडोजची कळ आणि एल एकदम दाबली. पत्रं, परिपत्रकं, याद्या, सगळं एका क्षणात दिसेनासं झालं. कॉम्प्युटरला कुलूप लागलं आणि पडद्यावर कुठल्याशा परदेशी तळ्याचं चित्र आलं.

बाई जिना उतरून गेल्याही. साहेब कागद हातात धरून त्या तळ्याकडे बघत उभे होते. तळ्याच्या वर ठळक आकड्यांत वेळ दिसत होती. बहुधा त्या दिवशी ती त्यांनी पहिल्यांदाच वाचली.