जाताना पाठीवर, येताना तोंडावर

मानखुर्दला कोणी सहलीला जात नाही. मुंबईवर लिहिणाऱ्यांनी मरीन ड्राइव्हचे दिवे पाहिले, मलबार हिल पाहिली, फार तर घारापुरीपर्यंत होडीने जाऊन आले. मानखुर्दचा उल्लेख आलाच तर तो देवनारच्या कचऱ्याच्या वासाबरोबर, नाकाला रुमाल लावूनच. आम्ही इथली माणसे त्याचा राग मानीत नाही. मी राहायला आलो तेव्हा हार्बरची गाडी इथेच संपत असे. १९९२ साली ती खाडी ओलांडून वाशीला गेली आणि आमचे शेवटचे स्टेशन एकदम मधले झाले. त्यामुळे मानखुर्द मोठे झाले असे नाही. उतरणाऱ्यांना दार मात्र आधी गाठावे लागू लागले.

पण मानखुर्दची एक गोष्ट खरोखर पाहण्याजोगी आहे, आणि ती पावसाळ्यात पहाटे साडेपाचला पाहावी. शीव-पनवेल रस्त्याने सायकलींची एक विस्कळीत रांग खाडीपुलाकडे निघालेली असते. पाववाले, इडलीवाले, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी, बाजार समितीत ओझी उचलणारे, गोदामांतले मदतनीस. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींच्या, पिसासारख्या हलक्या सायकली नव्हेत. कॅरिअरला ट्यूब गुंडाळलेल्या, मडगार्ड खडखडणाऱ्या, काळ्या, जड सायकली. खाडीवर पहिला पूल झाला १९७३ साली, दुसरा १९९७ साली. पावणेदोन किलोमीटरहून थोडे अधिक अंतर. त्यात झाड नाही, आडोसा नाही. खाली खाडी, वर आभाळ, आणि कडेने जाणाऱ्या ट्रकच्या चाकांतून उडणारे तिसरे पाणी.

या पुलावरच्या पावसाला शिस्त आहे. नैर्ऋत्येचा वारा, आणि पूल मानखुर्दहून पूर्वेकडे गेलेला. म्हणजे सकाळी कामाला जाताना पाऊस पाठीवर येतो आणि संध्याकाळी परतताना तोंडावर. सकाळी वारा ढकलतो, संध्याकाळी व्याजासकट वसूल करतो.

हे सगळे मी एरवी कशाला ध्यानात ठेवले असते? पण माझा भाचा या रांगेतला एक. तो वाशीपलीकडे तुर्भ्याला औषधांच्या गोदामात काम करतो. गोदाम बारा महिने थंड ठेवलेले असते. गेल्या वर्षी जुलैत तो भिजून जाई, ओल्या कपड्यांनी त्या थंडीत आठ तास उभा राही. तापाने नऊ दिवस गेले. नऊ दिवसांचा पगार गेला, आणि दहाव्या दिवशी "पुन्हा असे झाले तर बघावे लागेल" हे ऐकावे लागले. गाडीने जावे, तर दोन्ही टोकांना रिक्षा लागते; ते गणित त्याच्या पगारात बसत नाही. यंदा मेअखेरीस अक्काने माझ्या हातावर दोन पाचशेच्या नोटा ठेवल्या आणि म्हणाली, "तू याला घेऊन जा. तो एकटा गेला तर दिसायला छान म्हणून काहीतरी घेऊन येईल."

हजार रुपये ही रक्कम मोठी चमत्कारिक आहे. फालतू वस्तूला ती जास्त आणि चांगल्या वस्तूला कमी.

स्टेशनबाहेर रेनकोट लटकत होतेच. साडेतीनशेत जॅकेट आणि पॅन्ट. प्लॅस्टिकचे, जाडजूड, नव्या चपलेसारखा वास येणारे. पाणी त्यातून जाणार नाही हे खरे. पण वाराही जाणार नाही. आणि घडी घालून पिशवीत कोंबले की एका मोसमात घडीवरच तडकते. दुसरी तऱ्हा पोंचोची, म्हणजे डोक्यावरून घालायच्या घेरदार झुलीची. गल्लीत ती ठीक आहे. पुलावर तिचे शीड होते, आणि खालचे टोक चाकात गेले तर मागून ट्रक येत असतो. घोट्यापर्यंतचा लांब कोट साखळीच्या तोंडी जातो. तेव्हा जॅकेटच, कमरेखाली येणारे.

इथे मला आपल्या कोकणातल्या इरल्याची आठवण येते. कामट्यांचा सांगाडा, त्यात पळसाची पाने, आकार उपड्या होडीसारखा. लावणी करणारी बाई कमरेत वाकलेली असते, म्हणून इरले डोक्यापासून पाठीच्या खालपर्यंत जाते, पुढून उघडेच. पाऊस कुठे लागतो आणि माणूस कसा वाकतो याचा विचार आधी, शोभेचा नंतर. सायकलवाला थेट लावणीच्या बाईसारखाच वाकलेला असतो. पण दुकानातले जॅकेट शिवलेले असते ताठ उभ्या माणसासाठी. हॅण्डल धरले की मनगटे उघडी पडतात, पाठ वर सरकते आणि मागच्या चाकाचे पाणी नेमके त्या उघड्या पट्टीवर येते.

म्हणून चेंबूरच्या दुकानात मी भाच्याला स्टुलावर बसवले आणि हात पुढे करायला सांगितले. दुकानदार हसला. "काका, हे बसून नाही बघायचं."

"हा बसूनच वापरणार आहे," मी म्हटले.

त्यानंतर मात्र दुकानदाराला रस वाटू लागला आणि त्याने आतली खोकी काढली. एक कोट होता सात हजारांचा. त्याचे गुण सांगताना त्याचा आवाजही खाली आला. आतला घाम वाफ होऊन बाहेर जातो, बाहेरचा थेंब आत येत नाही. ही युक्ती खरी आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून इतक्या बारीक छिद्रांचा पडदा बनवला, की वाफ सुटते आणि थेंब अडतो. पण वाफ सुटायला आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुरेशी दमट असावी लागते. महाबळेश्वरच्या गारठ्यात ते जमेल. जुलैतले मानखुर्द म्हणजे नुकतीच कोणी आंघोळ करून गेलेली न्हाणी. बाहेरच जागा नाही, तर आतली वाफ जाणार कुठे? माझे मत असे, की आपल्या किनारपट्टीवर सायकलवाल्याने त्या पडद्यासाठी पैसे मोजू नयेत, भोकांसाठी मोजावेत. काखेत चेन, पाठीवर झाकणाखाली जाळी, आत सुटे अस्तर. वारा आत खेळला की घाम सोसतो.

अशी सोय असलेले, आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेले नायलॉनचे जॅकेट साडेआठशेला मिळाले. चिठ्ठीवर २००० मिलिमीटर लिहिले होते. कापडावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते दाद देत नाही, असा त्याचा अर्थ. आकडा दहा हजारही असतो, पण पाणी कापडातून क्वचित आणि शिवणीतून नेहमी येते. जॅकेट उलटे करून पाहावे. खांदा, टोपी, काख या प्रत्येक शिवणीवर आतून चकचकीत पट्टी चिकटवलेली हवी, आणि तिचे टोक नखाने उचलून येता कामा नये. पुढच्या चेनवर झाकणाची पट्टी हवीच; संध्याकाळी तोंडावरचा पाऊस पहिल्यांदा तिथे घुसतो. ही सगळी परीक्षा आम्ही केली. शिवाय घडी करून ते स्वतःच्याच खिशात मावत होते.

भांडण झाले ते रंगावर. भाच्याला काळे हवे होते. दुकानात काळे होते, निळे होते आणि लिंबासारखे पिवळे, पाठीवर चमकती पट्टी असलेले.

"मामा, ते घालून गेलो तर सगळे मला झाडूवाला म्हणतील."

"झाडूवाल्याला ते का देतात, ठाऊक आहे ना?"

तो काही बोलला नाही. मानखुर्दच्या टी जंक्शनला घाटकोपरकडून येणारे ट्रक वळतात. जुलैच्या पहाटे, काचेवर पाणी, पुसणी तुटकी. तिथे काळ्या जॅकेटमधला माणूस ड्रायव्हरला दिसावा कसा? भाच्याच्या एका सोबत्याची सायकल दोन वर्षांपूर्वी तिथेच सापडली होती. सोबती वाचला, पण त्याचा पाय अजून पुरता वाकत नाही. भाच्याने पिवळे उचलले. टोपीबद्दल मी आणखी एक अट घातली. जॅकेटची टोपी मान वळवली तरी जागची हलत नाही आणि डोळ्यापुढे पडदा येतो. म्हणून तिच्याखाली पुढे छज्जा असलेली साधी टोपी घालायची. तिने टोपीची कड डोळ्यांवरून उचलून धरली जाते आणि चष्म्यावर पाणी येत नाही.

पाठीचा प्रश्न उरलाच होता. मंडाल्याकडे पिशव्या शिवणारा एक कारागीर बसतो. त्याने जुन्या सॅकच्या कापडाची वीतभर पट्टी साठ रुपयांत जॅकेटला मागे जोडून दिली. टाक्यांच्या भोकांवर भाच्याने पंक्चरवाल्याकडचे रबर सोल्युशन बोटाने चोळले. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली स्कॉटलंडात पेटंट घेतले ते याच जातीच्या उद्योगाचे: नॅफ्थात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये. त्याचे नाव इंग्रजांनी रेनकोटालाच दिले.

हजारांतले नव्वद रुपये उरले. अक्काने ते परत घेतले नाहीत.

यंदाचा मोसम संपला. जॅकेट कोरडे राहते म्हणावे तर नाही; भाचा पोहोचतो तो घामाने दमट, पण न्हालेला नव्हे, आणि पिशवीतला सुका सदरा बदलून कामाला लागतो. तापाचा खाडा एकही नाही. ओले जॅकेट घडी करून ठेवायचे नाही, हा नियम अक्का त्याच्याकडून पाळून घेते. दमट घडीत लेप चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. इस्त्री नाही, कडक साबण नाही. रोज रात्री ते स्वयंपाकघराच्या दारात दोरीवर वाळत असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाला लागते. पॅन्ट मात्र जुनीच आहे. गुडघ्यावर फाटली आहे. तिचा विचार पुढच्या मेमध्ये.