परका आणि त्याचा वेष

वेषावरून मनुष्य ओळखण्याची विद्या फार जुनी आहे, आणि जितकी जुनी तितकीच ती कच्चीही आहे. पालघर व बोईसर या स्थानकांमध्ये गाडीने जा-ये करणाऱ्यास याचा पडताळा नित्य येतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे दूरदूरच्या प्रांतांतली माणसे पोटासाठी या बाजूस आली आहेत. त्याच डब्यात वारली बाया आपले भारे घेऊन चढतात. गळ्यात ओळखपत्र असलेल्यास लोक आपण होऊन सरकून जागा देतात; भारा घेतलेल्या बाईस मात्र तिकीट आहे काय, हा प्रश्न तपासनिसाच्या आधी उतारूच करतात. हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे.

अशा वेळी ख्रिस्ती घरात लहानपणी ऐकलेली शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट आठवते. इशायाच्या पुत्रांतून राजा निवडण्यास गेलेला तो संदेष्टा थोरल्या अलियाबाचे रूप व उंची पाहून मनात म्हणतो, हाच तो. आणि देव त्यास बजावतो की मनुष्य बाहेरचे पाहतो, मी अंतःकरण पाहतो. सात पुत्र पुढून जातात आणि निवड होते ती मेंढरे राखणाऱ्या आठव्याची. या गोष्टीतील विशेष हा, की फसणारा कोणी मूर्ख नव्हता, संदेष्टा होता.

डब्यातील हा अन्याय जागेपुरता असतो. तोच पुढे प्राणावर बेततो, हे आमच्या जिल्ह्याने १६ एप्रिल २०२० च्या रात्री पाहिले. टाळेबंदीचे ते दिवस. मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीस निघालेले दोन साधू व त्यांचा मोटारचालक डहाणू तालुक्यातील गडचिंचले गावाजवळ अडवले गेले. चोर व मुले पळवणारे फिरत आहेत, अशी वदंता त्या भागात पसरलेली होती. पोलीस येऊनही जमावाने तिघांचे प्राण घेतले. त्यापूर्वी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा अशाच संशयाने बळी गेला होता. देशात अन्यत्र ज्या वेषास दंडवत घडतो, तोच वेष येथे अपराधाचा पुरावा ठरला.

पण येथेच थांबलो तर आम्हीही तेच करू. गडचिंचल्याची वार्ता पसरताच कित्येकांनी मारणाऱ्यांचा धर्म शोधण्यास आरंभ केला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांस जाहीर करावे लागले. मग दोष साऱ्या आदिवासींवर गेला. वारली म्हणजे रानटी, असे ज्यांनी कधी वारल्याशी दोन शब्द बोललेले नाहीत त्यांनी ठरवून टाकले. ज्या रोगाने तीन जीव घेतले, त्यानेच ही टीकाही लिहविली. अपराध्यास शिक्षा व्हावी, यात शंका नाही. परंतु अपराध माणसाचा असतो, जातीचा नव्हे. या भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने लढा दिला, तो उगाच नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या परका आला तो सावकार, जमीनदार वा ठेकेदार होऊन आला. त्या भयाने हत्येचे समर्थन होत नाही. पण भय कोठून येते ते तरी कळते.

कोणी म्हणेल, परक्याशी सावध राहू नये की काय? अवश्य राहावे. सावधपणा प्रश्न विचारतो. दुराग्रह उत्तर आधीच ठरवून बसतो. परक्यास नाव, गाव, काम विचारण्यात पाप नाही. त्याचे उत्तर ऐकण्यास न थांबण्यात आहे.

थांबून ऐकल्याने काय घडते, याचे उदाहरण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना नारायण वामन टिळकांस आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला. एक ब्राह्मण कवी, एक परदेशी ख्रिस्ती; त्या काळी दोघांनीही तोंड फिरवून बसावे, असाच रिवाज. पण ते बोलत राहिले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला.  टिळकांनी धर्म बदलला तो योग्य की अयोग्य, यावर वाचकांत मतभेद असोत. पण एका अनोळखी माणसाशी झालेल्या मोकळ्या बोलण्यातून मराठीस तिचा ख्रिस्ती भक्तिकवी लाभला, हे कोणासही नाकारता येणार नाही.

लूकाच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांस एक परका वाटसरू भेटतो. सारी वाट बरोबर चालूनही त्यांस त्याची ओळख पटत नाही. सांज झाली, दिवस उतरला, तेव्हा ते त्यास आग्रहाने आपल्याकडे ठेवून घेतात. तो भाकर मोडतो आणि तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडतात. चेहऱ्याने जे सांगितले नाही ते पंक्तीने सांगितले. गडचिंचल्याच्या वाटेवरही रात्र पडली होती, आणि वाटसरू तिघे होते.