हिरडीला ठिगळ, पण कशाचे?

दात ठणकू लागला की माणूस दवाखान्याची वाट धरतो. हिरडी मात्र कुरकुर न करता मागे सरकत राहते. एक दिवस आरशात दात लांब दिसतो, थंड पाणी झोंबते, तेव्हा कुठे लक्ष जाते. तोवर दाताचे मूळ उघडे पडलेले असते. राठ ब्रशने जोरजोरात आडवे घासणे, दातांवर साचलेले किटण आणि मुळातच पातळ हिरडी ही त्याची नेहमीची कारणे. मिश्रीचाही त्यात मोठा वाटा. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली सरकारने बंदी केली, पण घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार?

मागे गेलेली हिरडी आपोआप पुढे येत नाही. उघडे मूळ झाकायचे तर गुलाबाचे करतात तसे हिरडीचेही कलम करावे लागते. त्यासाठी ऊती बहुधा रुग्णाच्याच टाळूतून घेतात. टाळूच्या वरच्या पापुद्र्याखालची ऊती काढण्याची पद्धत अमेरिकेत लँगर आणि लँगर यांनी १९८५ साली मांडली. आजही तीच सर्वांत भरवशाची मानली जाते.

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये राहणारी, मूळची साताऱ्याची एक गृहिणी हे ऐकून हबकलीच. वरचे दोन दात दाखवायला गेली, तर डॉक्टर टाळू कापायचे म्हणतात! सासूबाईंनीही विचारले, "दुखणं एकीकडे अन् जखम दुसरीकडे, असं कसं गं?"

नवऱ्याने ऑफिसात चौकशी केली. टाळूला हात न लावता तयार पटल बसवता येते, असे कळले. तिचा जीव भांड्यात पडला. पण घर माळकरी, वारी न चुकणारे. पुढच्या भेटीत तिने विचारले, "डॉक्टर, हे पटल कशापासून बनवतात?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. काही पटले डुकराच्या कोलॅजनपासून बनतात. काही मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी त्वचेतील पेशी काढून टाकून तयार करतात. बाळंतपणात वारेबरोबर येणारे पातळ आवरणही वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली सुरू झालेल्या ऊतीपेढीत असे दान मिळालेले आवरण किरणांनी निर्जंतुक केले जाते. आणखी एक मार्ग म्हणजे रुग्णाचेच थोडे रक्त यंत्रात फिरवून मिळणारे फायब्रिनचे पटल. फ्रान्समध्ये शुक्रून यांनी २००१ साली ही रीत मांडली. त्यात परकी ऊती नाही, खर्चही कमी. पण हिरडी जाड करण्यात ते टाळूच्या ऊतीची बरोबरी करत नाही. हिरडी पुरेशी जाड असेल, तर कलमाशिवाय नुसती खाली ओढून शिवली तरी भागते.

तिची हिरडी पातळ होती. दोन दिवस विचार करून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझंच माझ्या अंगाला लागू दे. टाळूचं सोसेन मी."

शस्त्रक्रिया नीट झाली, पण रात्री टाळूतून रक्त येऊ लागले. घरात धावपळ उडाली. फोनवर डॉक्टरांनी सांगितले, "चुळा भरू नका. स्वच्छ ओली गॉज घडी करून वीस मिनिटे दाबून धरा." रक्त थांबले. टाळूच्या मागच्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, म्हणून असा रक्तस्राव होऊ शकतो. दाबूनही तो थांबला नाही, तर तडक दवाखाना गाठावा.

तिसऱ्या दिवशी कडेला दिसणारे कलम पांढुरके झाले. कुजले की काय, या धास्तीने तिचा घास उतरेना. पण पहिले दोन-तीन दिवस कलम आसपासच्या द्रवावर जगते, नंतर त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. वरचा पापुद्रा पांढरा पडून निघून जाणे बऱ्याचदा स्वाभाविकच असते. खरी काळजी वाढता ठणक, पू, ताप किंवा हलणारे कलम यांची. म्हणूनच ओठ ओढून सारखे आरशात पाहू नये, त्या जागी डॉक्टर सांगेपर्यंत ब्रश लावू नये. गरम फिल्टर कॉफी आणि झणझणीत सारू काही दिवस विसरून दहीभातावर भागवावे. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे कलमाचे वैरी.

काही महिन्यांनी एका दाताचे मूळ पूर्ण झाकले गेले, दुसऱ्याचे अर्धेच. दोन दातांमधले हाड झिजले असेल, तर कलमाने मूळ पूर्ण झाकले जाईलच याची खात्री नसते. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते, म्हणून ती नाराज झाली नाही.

संमतीपत्र इंग्रजीत असो की कन्नडमध्ये, सही करण्यापूर्वी काही गोष्टी आपल्या भाषेत समजून घ्याव्यात. ऊती कुठून येणार? मूळ किती झाकले जाईल? रात्री-अपरात्री रक्त आले, तर फोन कोणाला करायचा? आणि हिरडी मुळात मागे का गेली? ब्रशचा जोर आणि मिश्रीची डबी तशीच राहिली, तर नवी हिरडीही जुन्या वाटेनेच जाईल.