दोन मिलिमीटरच्या शंखातली पाकळी

शंखी गोगलगाय म्हटलं की आपल्याकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी, मुठीत जेमतेम मावणारी गोगलगाय डोळ्यांपुढे येते. युरोपातल्या ओल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या कॅरिकियम या गोगलगायीचा पूर्ण वाढलेला शंख मात्र जेमतेम दोन मिलिमीटर उंच, बाजरीच्या दाण्याएवढा. ब्रिटनमध्ये तिच्या दोन जाती आहेत. कॅरिकियम मिनिममला म्युलरने १७७४ मध्ये नाव दिलं, ट्रायडेंटॅटमला रिसोने १८२६ मध्ये. एवढ्याशा शंखावरून या दोघी वेगळ्या ओळखता येतात, असं माझं ठाम मत आहे. मात्र बाहेरच्या रूपावर भिस्त ठेवून चालत नाही. मिनिमम थोडी रुंद आणि ट्रायडेंटॅटम सडपातळ हे खरं, पण मधल्या अंगलटीचे शंख दोन्हीकडे सापडतात. ट्रायडेंटॅटम म्हणजे ‘तीन दातांची’, पण हे नावही फसवं, कारण शंखाच्या तोंडाशी दात दोघींनाही असतात. खरी खूण आत आहे. मधल्या खांबाभोवती एक पातळ पाकळी फिरत वर जाते. मिनिममची पाकळी साध्या वळणाने जाते, ट्रायडेंटॅटमची ठळक नागमोडी असते. ताजा शंख काचेसारखा असल्याने भिंगाखाली उजेडाकडे धरला की पाकळी बाहेरूनच दिसते. वॉटसन आणि व्हर्डकोर्ट यांनी १९५३ मध्ये ब्रिटनमधल्या या दोन्ही जातींची नीट मांडणी केली.

मिनिमम दलदलीत आणि ट्रायडेंटॅटम तुलनेने कोरड्या रानात राहते, मग जागा पाहिली की पुरे, असं कुणी म्हणेल. पण दोघी कधी शेजारी शेजारीही राहतात, आणि पुराचं पाणी रिकामे शंख कुठल्या कुठे नेऊन टाकतं. डीएनए तपासणं अधिक भरवशाचं नाही का? जिवंत प्राणी हाती असेल तर जरूर तपासावं. पण हजारो वर्षांपूर्वीच्या गाळात उरतात ते शंखच, आणि त्या काळी तिथे दलदल होती की झाडी, याचा अंदाज त्यांच्यावरूनच बांधावा लागतो. तिथे जात चुकली तर सगळा भूभागच चुकीचा रंगवला जातो. जुना शंख पांढरा, अपारदर्शक होतो, तेव्हा शेवटच्या वळशाला बारीक खिडकी पाडावी लागते. नमुन्याचं तेवढं नुकसान मला मान्य आहे. कोवळ्या पिल्लाच्या शंखावर मात्र जातीचं नाव लिहू नये. तोंडाची जाड कडा अजून बनलेली नसते, म्हणून ‘कॅरिकियम’ एवढंच लिहून थांबावं.