न्यूशम पार्कची वास्तू

लिव्हरपूलच्या मुक्कामात गोद्या, दोन्ही कॅथीड्रल आणि बीटल्सच्या खुणा पाहून झाल्या. लिहावेसे वाटते ते मात्र न्यूशम पार्क या बागेच्या कडेला उभ्या असलेल्या एका जुन्या अनाथालयाबद्दल. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या पोरक्या मुलांसाठी शहरातल्या जहाजमालकांनी ते उभारले आणि १८७४ साली मुले तिथे राहायला आली. आता तिथे रात्री तिकीट लावून भुतांच्या सहली काढतात, आणि याची मला मनापासून चीड येते. पडक्या वास्तूच्या डागडुजीला पैसा लागतो, हे मान्य. पण तो मिळवण्यासाठी मुलांच्या दुःखाचा तमाशा कशाला? अंगावर काटा यावा असे या जागेत पुष्कळ आहे, आणि ते सगळे नोंदलेले आहे.

या इमारतीचा वास्तुकार आल्फ्रेड वॉटरहाऊस हा लिव्हरपूलचाच सुपुत्र. लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि मँचेस्टरचा टाऊन हॉल त्यानेच बांधला. व्हिक्टोरियन गॉथिक शैली मला एरवी जड वाटते, पण या माणसाच्या हातात वीट बोलते हे नाकारता येत नाही. लांबच लांब भिंती, दगडी कडा, उंच उतरती छपरे, वर मनोरा. नगरभवनाला शोभेल असा सगळा थाट! पण हा थाट मुलांसाठी होता असे मला वाटत नाही. लहान मुलाला मनोरा नको असतो, हाकेच्या अंतरावर कुणीतरी मोठे माणूस हवे असते. त्या काळी हे कुणाला सुचले नव्हते असेही नाही. अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या डॉ. बर्नार्डोंनी १८७६मध्ये लंडनजवळ बार्किंगसाइडला मुलींसाठी छोट्या घरांचे गावच वसवले. न्यूशम पार्कचा मनोरा मला देणगीदारांसाठी उभारलेला वाटतो.

या मुलांपैकी अनेकांच्या आया जिवंत होत्या; बाप गेला होता आणि त्याच्याबरोबर कमाई गेली होती. कष्टकरी आईला मूल सांभाळणे झेपले नसते, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर खुद्द संस्थेच्या आकड्यांत आहे. १८९९मध्ये इमारतीत ३२१ मुले होती, आणि घरीच राहून संस्थेकडून पैसे व कपडे मिळणारी ५०८. म्हणजे आईच्या हाती मदत दिली तर मूल तिच्याजवळ वाढू शकते, हे संस्थेला ठाऊक होते आणि ती ते करतही होती. मग जे काम भिंतींशिवाय होत होते, त्याला एवढ्या भिंती कशाला?

जहाजमालकांच्या दातृत्वावर शंका घेणे अन्यायाचे आहे, समुद्र कुणाच्या हातातला नसतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यांची करुणा खोटी होती असे मीही म्हणत नाही. पण वादळ हातात नसले तरी जहाजात माल किती भरायचा, हे मालकाच्याच हातात होते. खासदार सॅम्युएल प्लिमसॉलने त्यावर रान उठवले, तेव्हा १८७६च्या कायद्याने जहाजावर भाररेषा, म्हणजे भरलेले जहाज पाण्यात कुठवर बुडावे हे दाखवणारी खूण, आखणे सक्तीचे केले. पण ती कुठे आखायची हे मालकावरच सोडले, ते थेट १८९०पर्यंत. जहाज बुडाले की त्या दिवसापासून खलाशाचा पगार थांबे. १८९७च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात खलाशी नव्हते, त्यांचा समावेश १९०६मध्ये झाला. बापाच्या मृत्यूबद्दल जे हक्काने मिळायला हवे होते, ते तोवर मुलांना दान म्हणून घ्यावे लागले. दानात कृतज्ञतेची अपेक्षा असते, हक्कात नसते, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात मुलांना शहराबाहेर हलवले, १९४९मध्ये अनाथालय बंद झाले आणि इमारतीत पुढे रुग्णालय आले. संस्था मात्र त्यानंतरही खलाशांच्या मुलांना घरपोच अनुदान देत राहिली.